अणुभट्टीच्या कंटेनमेंटचं वय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अणुवीज प्रकल्पाची मुदत वाढवायची म्हटलं की पहिली चर्चा भट्टीच्या पात्राची, म्हणजे इंधन ज्यात असतं त्या जाड पोलादी भांड्याची होते. पात्राभोवतीच्या काँक्रीटच्या घुमटाकडे मात्र लोक डोंगराकडे बघावं तसे बघतात. तो आहेच, राहणारच. या कामाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्याकडून, आणि ज्यांचा आहे त्यांच्याकडूनही, जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. काही मोठी आहेत, काही दोन ओळींची.

कंटेनमेंट म्हणजे बाहेरून दिसणारा घुमटच ना?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. भट्टी आणि तिच्या मुख्य नळ्या ज्या हवाबंद इमारतीत असतात ती कंटेनमेंट. मोठी नळी फुटली तर आतलं पाणी क्षणात वाफ होतं आणि दाब चढतो. तो दाब झेलायचा आणि किरणोत्सारी वायू बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. ही वेळ कधीच आली नाही तर उत्तम, पण चाळीस-पन्नास वर्षांनी आली तरी ती तयार हवी.

प्रकार बरेच आहेत. एक मीटरच्या आसपास जाडीची, ताणलेल्या तारांनी आवळलेली काँक्रीटची भिंत आणि तिच्या आतल्या अंगाला सहा ते दहा मिलिमीटरचा पोलादी पत्रा, ही सर्वांत परिचित रचना. या पत्र्याला लायनर म्हणतात. भार काँक्रीट घेतं, हवा लायनर अडवतो. फ्रान्सच्या १३०० आणि १४५० मेगावॉटच्या भट्ट्यांना दोन भिंती आहेत आणि आतल्या भिंतीला लायनर नाही. जुन्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत कंटेनमेंट संपूर्ण पोलादाचं असतं. उलट्या ठेवलेल्या विजेच्या दिव्यासारखं दिसणारं ते पात्र इमारतीच्या पोटात असल्याने बाहेरून दिसतच नाही. काही ठिकाणी बाहेर दिसणारी भिंत नुसती ढाल असते, खरं कंटेनमेंट तिच्या आत असतं.

भट्टीचे एवढे भाग बदलतात, मग याच्या वयाची एवढी काळजी का?

कारण हेच बदलता येत नाही. टर्बाइन, पंप, केबल, नियंत्रण कक्षाची उपकरणं, अगदी भट्टीच्या उष्णतेने वाफ बनवणारे शेकडो टनांचे स्टीम जनरेटरसुद्धा बदलले गेले आहेत. कंटेनमेंट बदलायचं म्हणजे प्रकल्प पाडून नवा बांधायचा. दाबाच्या पाण्याच्या भट्टीचं पात्र आणि कंटेनमेंट ही दोनच अंगं अशी, की ती थकली की प्रकल्प संपला. पात्र निदान कारखान्यात, छपराखाली बनतं. कंटेनमेंट उघड्यावर, ऊनपावसात, शेकडो हातांनी ओतलं जातं. हा फरक पुढे सारखा भेटेल.

काँक्रीट खरंच म्हातारं होतं का?

माणसासारखं नाही. चांगलं काँक्रीट ओतल्यानंतर कित्येक वर्षं मुरत राहतं आणि त्याची दाब झेलण्याची ताकद वाढतेच. कंटेनमेंटमध्ये वापरलेलं काँक्रीट साधारणपणे चांगलंच असतं. सिमेंट भरपूर, देखरेख कडक. म्हणून निव्वळ वर्षं मोजून काही कळत नाही.

आजवरची मोठी प्रकरणं एकापुढे एक ठेवली तर माझ्या मते तीन गोष्टी दिसतात: नको तिथे पोचलेलं पाणी, बांधतानाच आत राहून गेलेला दोष, आणि पुढे कधीतरी माणसाने घातलेला हात. नुसत्या वयामुळे होणारी गोष्ट खरं तर एकच, तारांचा ताण उतरणं. तिचा हिशोब पहिल्या दिवसापासून मांडलेला असतो.

तारांचा ताण उतरतो म्हणजे नेमकं काय होतं?

काँक्रीट दाब झेलतं, ओढ झेलत नाही. आतून हवेचा दाब आला की भिंतीला ओढ बसते. म्हणून भिंतीत नळ्या ठेवून त्यांतून पोलादी तारांचे जुडगे ओवतात आणि जॅकने ताणून दोन्ही टोकांना अडकवतात. या जुडग्याला टेंडन म्हणतात. पिंपाला कड्या आवळाव्यात तशी भिंत कायमची दाबाखाली राहते, आणि आतून दाब आला तरी आधी ही आवळण संपल्याशिवाय काँक्रीटला ओढ लागत नाही. एका टेंडनमध्ये शंभर-दीडशे तारा असणं नेहमीचं. व्हीव्हीईआर-१००० या रशियन बनावटीत तर पाच मिलिमीटरच्या ४५० तारांचा एकेक टेंडन असतो आणि त्यात सुमारे हजार टनांची ओढ असते.

ही आवळण तीन वाटांनी सैल होते. काँक्रीट वाळतं आणि आकसतं. सतत दाबाखाली राहून ते हळूहळू दबत जातं, याला क्रीप म्हणतात. आणि ताणलेलं पोलादही लांबी तीच राहून थोडी ओढ सोडतं, त्याला रिलॅक्सेशन म्हणतात. तिन्हींचा वेग सुरुवातीला जास्त, नंतर कमी. ताणाचा आलेख काढताना काळाचा अक्ष लॉगरिदमी घेतात, म्हणजे त्यावर १, १०, १०० वर्षं सारख्या अंतरावर येतात. मग पहिल्या ते दहाव्या वर्षात जेवढी घट, तेवढीच साधारण दहाव्या ते शंभराव्या वर्षात दिसते.

क्रीप कधीतरी थांबतो असं पूर्वी बरेच जण धरून चालत. पलाऊ बेटांवरच्या कोरोर-बाबेलदाओब पुलाने तो समज मोडला. १९७७ साली बांधलेला हा काँक्रीटचा पूल मधोमध सुमारे दीड मीटर खचला, दुरुस्त झाला आणि १९९६ मध्ये कोसळला. पुलाचं खचणं डोळ्यांना दिसतं. कंटेनमेंट मात्र क्रीपमुळे काही मिलिमीटर आवळत जातं आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून मोजावं लागतं.

मग उरलेला ताण मोजतात कसा?

नळीत टेंडनभोवती काय भरलं आहे, त्यावर ते अवलंबून आहे.

ग्रीस भरलं असेल तर काम सरळ, फक्त घाणेरडं. टोकाची टोपी उघडायची, ग्रीस पुसायचं, टेंडनच्या डोक्याला जॅक लावायचा आणि डोकं त्याच्या बैठकीवरून किंचित उचललं जाईपर्यंत ओढायचं. डोक्याखाली शिम नावाच्या पोलादी पट्ट्या असतात. त्या हलायला लागल्या की त्या क्षणाची जॅकची ओढ म्हणजे टेंडनमधला ताण. याला लिफ्ट-ऑफ म्हणतात. सगळे टेंडन तपासत नाहीत. उभ्या, आडव्या आणि घुमटातल्या अशा प्रत्येक गटातून काही नमुने काढतात आणि एक-एक टेंडन दर वेळी तोच ठेवतात, म्हणजे त्याचा आलेख सलग मिळतो. एखाद्या टेंडनची एखादी तार पूर्ण बाहेर ओढून तिच्यावर गंज आहे का ते बघतात आणि ती तोडून तिची ताकद तपासतात. ग्रीसही प्रयोगशाळेत जातं: त्यात पाणी किती, क्लोराइड किती. टोपी उघडल्यावर ग्रीसबरोबर पाणी गळलं तर तपासणीचा दिवस लांबतो. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या फार्ली प्रकल्पाच्या दुसऱ्या भट्टीत काही टेंडनची डोकी तडकलेली सापडली. टोप्यांमध्ये शिरलेलं पाणी आणि त्यातून सुटलेल्या हायड्रोजनने ठिसूळ झालेलं कठीण पोलाद, असं त्याचं कारण निघालं.

नळीत सिमेंटचा ग्राउट भरला असेल तर गोष्ट वेगळी. फ्रान्स आणि कॅनडात ही पद्धत रूढ आहे. ग्राउट अल्कधर्मी असल्याने पोलाद सुखरूप राहतं आणि एखादी तार तुटली तरी तिचा भार तिथल्या तिथे वाटला जातो. पण टेंडन कायमचा गाडला जातो, पुन्हा जॅक लावता येत नाही. तेव्हा भिंतीत बसवलेल्या कंपन-तारांच्या मापकांवर, उभ्या लोलकांवर आणि दाब-चाचणीच्या वेळी भिंत किती फुगली या मापावर भिस्त ठेवावी लागते. कंपन-तारेचं तत्त्व तंबोऱ्याचं आहे: तार छेडायची, तिचा स्वर मोजायचा, स्वर उतरला म्हणजे काँक्रीट तेवढं दबलं. यातले कित्येक मापक बांधकामावेळी पुरलेले आणि मेले तर बदलता न येणारे. चाळीस वर्षांनी किती बोलतात, हा नशिबाचा भाग.

ग्रीस बरं की ग्राउट, या वादात पडायचंच तर मी ग्रीसच्या बाजूने. जे उघडून बघता येतं ते राखता येतं. ग्राउटवाल्यांचं उत्तर असं, की उघडता येतं म्हणूनच तिथे पाणी शिरतं. फार्लीचं उदाहरण त्यांच्या बाजूने जातं, हे कबूल करायला हवं.

लायनर रंगवलेला असतो, मग तो गंजतो कसा?

मागच्या बाजूने. समोरचा रंग उडाला, फुगला, गंज दिसला तर फेरी मारणाऱ्याला तो दिसतो. लायनरची दुसरी बाजू काँक्रीटला चिकटलेली असते. काँक्रीटच्या अल्कधर्मी स्पर्शात पोलादावर संरक्षक थर बसतो आणि ते गंजत नाही, म्हणून ती बाजू रंगवतही नाहीत. हे खरं आहे, फक्त तिथे काँक्रीटच असलं पाहिजे.

एप्रिल २००९. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातला बीव्हर व्हॅली प्रकल्प, पहिली भट्टी. नेहमीच्या पाहणीत लायनरच्या रंगावर एक फुगवटा दिसला. रंग खरवडला तर खाली गंज, आणि गंज काढला तर आरपार भोक. साधारण बोटाच्या पेराएवढं. भोकातून मागे पाहिलं तर काँक्रीटमध्ये लाकडाचा तुकडा. बांधकामाच्या वेळचा, तीस-पस्तीस वर्षं तिथेच पडलेला. लाकडाने ओल धरून ठेवली, तिथे अल्कधर्मी काँक्रीटचा स्पर्श नव्हता, आणि पत्रा मागून पुढे खात गेला.

हा एकटा प्रकार नव्हता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच नॉर्थ ॲना प्रकल्पातही लायनरमागे लाकूड निघालं होतं. ब्रन्सविकमध्ये कामगाराचा हातमोजा निघाला. डी. सी. कुकमध्ये तारेच्या ब्रशची लाकडी मूठ. अब्जावधींच्या इमारतीत तळहाताएवढी वस्तू कुणाच्या तरी हातून राहिली आणि तिचं बिल पुढच्या पिढीने भरलं. बांधकामाच्या जागी काँक्रीट ओतण्याआधी साफसफाईची सही घेतात, ती का घेतात हे नव्या मुलांना सांगायला मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही.

दुसरी दुखरी जागा म्हणजे लायनर आणि आतली काँक्रीटची फरशी जिथे भेटतात तो सांधा. लायनर फरशीखाली गाडलेला असतो. कडेने रबरासारखा मऊ सीलंट भरतात, म्हणजे फरशीवर सांडलेलं पाणी खाली उतरू नये. हा सीलंट वाळतो, तडकतो, कडेने सुटतो. सांध्याजवळ गुडघ्यांवर बसून, बॅटरी तिरपी धरून, बोटाच्या नखाने तो चाचपावा लागतो. सरळ उजेडात चांगला दिसणारा सीलंट तिरप्या उजेडात केसभर सुटलेला दिसतो. साधनांमध्ये सर्वांत स्वस्त आणि दुर्लक्षात सर्वांत पुढे, अशी ही जागा.

पूर्ण पोलादी कंटेनमेंटला काँक्रीटच्या या कटकटी नाहीत, मग ते बरं का?

त्याची कटकट वेगळी. न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीकचं उदाहरण बघा. तिथे पोलादी पात्राच्या खालच्या भागाबाहेर वाळूची गादी होती. इंधन भरण्याच्या हौदातून झिरपणारं पाणी खाली येऊन या वाळूत साचायचं. ऐंशीच्या दशकात जाडी मोजली तेव्हा मुळात २९ मिलिमीटरचं पोलाद काही ठिकाणी २० च्या आसपास आलेलं निघालं. १९९२ मध्ये वाळू उपसून काढली, पृष्ठभाग साफ करून इपॉक्सीचा थर दिला आणि त्यानंतर गंज जवळपास थांबला. प्रकल्प २०१८ मध्ये बंद झाला. पाणी वाळूत येतच नसतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

‘काँक्रीटचा कॅन्सर’ म्हणतात तो काय प्रकार आहे?

अल्कली-सिलिका अभिक्रिया, म्हणजे एएसआर. खडीतल्या काही प्रकारच्या सिलिकाशी सिमेंटमधल्या अल्कलीची अभिक्रिया होते आणि जेलसारखा पदार्थ बनतो. तो पाणी पितो आणि फुगतो. काँक्रीट आतून ताणलं जातं आणि पृष्ठभागावर नकाशावरच्या नद्यांसारख्या भेगा उमटतात. खडी, अल्कली आणि ओल, या तिघांपैकी एक जरी नसलं तरी ती होत नाही. खडी आणि अल्कली बांधतानाच ठरून जातात, नंतर हातात उरते ती फक्त ओल.

अमेरिकेतला सीब्रुक प्रकल्प यासाठी ओळखला जातो. २०१० च्या सुमारास तिथल्या जमिनीखालच्या भिंतींत एएसआर सापडला, मग शोधत गेल्यावर इतर बांधकामांतही. सीब्रुकच्या खडीच्या चाचण्या बांधकामावेळी झाल्या होत्या, पण तेव्हाच्या चाचण्या सावकाश अभिक्रिया करणाऱ्या खडीला पकडू शकत नव्हत्या. टेक्सास विद्यापीठात मुद्दाम फुगवलेल्या मोठ्या तुळयांवर चाचण्या झाल्या. फुगणाऱ्या काँक्रीटला आतल्या सळ्या धरून ठेवतात, त्यामुळे त्याची आवळण उलट वाढते आणि भार घेण्याची क्षमता वाटते तेवढी घटत नाही, असं त्यातून दिसलं. २०१९ मध्ये प्रकल्पाला २०५० पर्यंतचा परवाना मिळाला, पण फुगण्याचं मोजमाप सतत चालू ठेवण्याच्या अटीवर. कॅनडातल्या जेंटिली-२ च्या कंटेनमेंटमध्येही एएसआर होता.

‘कॅन्सर’ हा शब्द मला आवडत नाही. कॅन्सर म्हटलं की माणूस एक तर घाबरतो किंवा हात टेकतो. इथे करायचं काम कंटाळवाणं आहे: भिंतीत पक्क्या खुंट्या बसवायच्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्यातलं अंतर मोजायचं.

गंजलेल्या सळ्या, खारी हवा, बर्फ यांचं काय?

समुद्राकाठच्या प्रकल्पांत क्लोराइड आत शिरतं, थंड प्रदेशात भेगांतलं पाणी गोठून काँक्रीट सोलतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागाची अल्कता कमी करतो. फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं आणि कार्बोनेशन झालेलं तसंच राहतं. पण जाड भिंत, दाट काँक्रीट आणि सळ्यांवरचं भरपूर आवरण यांमुळे हे सगळं सावकाश चालतं, आणि बाहेरून दिसतं. दिसणाऱ्या दुखण्याचा इलाज ठरलेला आहे.

किरणोत्साराने काँक्रीट कमजोर होतं ना?

होतं, पण तो मारा भट्टीच्या पात्राला लागून असलेल्या जैविक ढालीवर, म्हणजे किरण अडवणाऱ्या जाड काँक्रीटच्या भिंतीवर पडतो. तिथून कंटेनमेंटची भिंत बरीच लांब असते आणि मध्ये तीच ढाल असते. कंटेनमेंटच्या बाबतीत हा मुद्दा मागे ठेवला तरी चालतो. उष्णतेचं म्हणाल तर दीर्घकाळासाठी सर्वसाधारण मर्यादा ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास धरतात. गरम नळ्या भिंतीतून बाहेर पडतात तिथे लक्ष द्यावं लागतं.

भेग दिसली म्हणजे धोका?

बहुतेक वेळा नाही. केसासारखी, कोरडी, वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली भेग नुसती नोंदीत ठेवतात. रुंदी वाढत असेल, कडा वर-खाली झाल्या असतील, पांढरा क्षार किंवा तांबूस ओघळ आला असेल, ग्रीसचा डाग पडला असेल, तर लगेच मागे लागावं. आणि सर्वांत वाईट भेग पृष्ठभागावर येतच नाही. पुढचा प्रश्न तिचाच आहे.

क्रिस्टल रिव्हरमध्ये नेमकं काय झालं?

फ्लोरिडातली क्रिस्टल रिव्हर-३ ही भट्टी १९७७ पासून चालू होती. २००९ च्या शरदात तिचे स्टीम जनरेटर बदलायचे होते. ते दारातून जाणार नव्हते, म्हणून भिंतीत सुमारे आठ मीटर औरसचौरस भगदाड पाडायचं ठरलं. त्यासाठी त्या भागातले टेंडन सैल केले आणि उच्च दाबाच्या पाण्याने काँक्रीट कापायला सुरुवात झाली. कापलेल्या कडेकडे बघताना लक्षात आलं, की १०७ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत बाहेरून पाव मीटरच्या आसपास आत एक फट आहे, भिंतीच्या पृष्ठभागाला समांतर. वहीचा पुठ्ठा सुटावा तशी बाहेरची जाडी सुटली होती. बाहेरून भिंत ठणठणीत.

असं का झालं? आडवा टेंडन गोल भिंतीत वाकलेला असतो, तो भिंतीला आत ओढतो. टेंडनच्या बाहेरच्या बाजूचं काँक्रीट आणि आतलं काँक्रीट यांच्यात त्यामुळे तुटण्याची ओढ निर्माण होते. नळ्यांच्या रांगेमुळे त्या पातळीवर काँक्रीटही कमी, आणि या भिंतीत ती दोन जाडी एकमेकांना शिवणाऱ्या आडव्या सळ्या नव्हत्या. टेंडन किती, कोणत्या क्रमाने सैल केले, याने बाकीचं केलं. दुरुस्ती झाली, टेंडन पुन्हा ताणायला घेतले आणि मार्च २०११ मध्ये दुसऱ्या भागात तशीच फट पडली. २०१३ मध्ये मालकांनी भट्टी कायमची बंद केली.

याच इमारतीच्या घुमटात १९७६ मध्ये, बांधकामाच्या काळात, अशीच फट निघून दुरुस्त झाली होती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या टर्की पॉइंटचा घुमट, १९९४ मध्ये कैगाचा घुमट, दोन्ही बांधतानाच सुटले होते. म्हणजे हा आजार तेव्हाही अनोळखी नव्हता. वय यात शेवटच्या रांगेत बसतं. कंटेनमेंटचा ताण कमी-जास्त करणं ही शस्त्रक्रिया आहे आणि तिच्याआधी हिशोब दहा वेळा करावा, एवढं सगळ्यांनाच मान्य झालं. तेही एक भट्टी गेल्यावर.

हवाबंद आहे की नाही, याची चाचणी कशी घेतात?

पूर्ण इमारत बंद करून कॉम्प्रेसरने हवा भरतात, अपघातात जेवढा दाब अपेक्षित आहे तेवढा चढवतात, साधारण एक दिवस धरून ठेवतात आणि आतल्या हवेचं वस्तुमान किती घटलं ते मोजतात. अमेरिकी लायनरवाल्या इमारतींत दिवसाला ०.१ टक्का ही नेहमी भेटणारी मर्यादा आहे. फ्रान्सच्या लायनर नसलेल्या आतल्या भिंतीला १.५ टक्के, कारण तिथून गळालेली हवा दोन भिंतींमधल्या पोकळीतून ओढून गाळली जाते.

खरी मेख तापमानात आहे. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्व्हिनच्या आसपास, एका अंशाची चूक वस्तुमानात ०.३३ टक्क्याची चूक करते. मर्यादेच्या तिप्पट! म्हणून घुमटापासून तळापर्यंत तापमापक टांगतात, आर्द्रता मोजतात, हवा स्थिर व्हायची वाट बघतात. तासन्‌तास नुसता आलेख बघत बसायचं काम. आत एखादा दिवा चालू राहिला तरी आलेखात त्याची सावली दिसते.

फ्रान्समध्ये ही चाचणी दर दहा वर्षांनी होते. अमेरिकेत चांगला इतिहास असेल तर अंतर पंधरा वर्षांपर्यंत वाढवता येतं. मला पंधरा जास्त वाटतात. चाचणी महाग आहे आणि बहुतेक गळती दारांच्या व झडपांच्या वेगळ्या चाचण्यांतच सापडते, हे खरं. पण बीव्हर व्हॅलीचं भोक कोणत्याही चाचणीने नाही, रंगाचा फुगवटा बघणाऱ्या माणसाने पकडलं. चाचण्या विरळ करायच्या तर बघणारे डोळे वाढवावे लागतील.

साठ वर्षांनी भिंत कशी असेल हे आज कळायचं कसं?

फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने पॅरिसजवळ व्हर्कोर्स नावाचं एक तृतीयांश मापाचं कंटेनमेंट याचसाठी बांधलं. काँक्रीट वाळायचा काळ जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. जाडी एक तृतीयांश केली की वाळणं नऊपट वेगाने होतं, म्हणजे साठ वर्षांचं वाळणं सात वर्षांच्या आत बघता येतं. त्यात शेकडो मापक बसवले आणि संगणकावर भाकीत करणाऱ्यांना आधी अंदाज द्या, मग खरे आकडे बघा असं आव्हान दिलं. लायनर नसलेल्या भिंतीसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण ताण उतरला की बारीक भेगा उघडतात आणि गळती वाढते. काही फ्रेंच भिंतींना आतून राळेचा लेप द्यावा लागला आहे.

जुनं कंटेनमेंट अपघातात टिकेल?

ताकद गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अपघातात २८ मार्च १९७९ रोजी आत हायड्रोजन पेटला, दाब डिझाइन दाबाच्या, म्हणजे ज्या दाबासाठी भिंत आखली होती त्याच्या, निम्म्याच्या आसपास गेला, आणि भिंतीला काही झालं नाही. अमेरिकेतल्याच सँडिया प्रयोगशाळेने एक चतुर्थांश मापाचं ताणलेल्या काँक्रीटचं कंटेनमेंट मुद्दाम फोडून पाहिलं. २००० मध्ये डिझाइन दाबाच्या अडीचपटीच्या सुमारास लायनर वेल्डच्या जागी फाटून हवा गळू लागली. २००१ मध्ये त्यातच पाणी भरून दाब वाढवला तेव्हा ३.६ पटीला ते फुटलं. म्हणजे आधी गळतं, मग फुटतं. गळती सुरू होते ती जाड पत्रा आणि पातळ पत्रा जिथे जोडले जातात तिथे, आणि गंजालाही तशाच जागा आवडतात. हे प्रारूप नवंकोरं होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

नियम कोण ठरवतं? चाळीस वर्षं कुठून आली?

अमेरिकेतला चाळीस वर्षांचा परवाना तांत्रिक हिशोबातून आला नाही. मक्तेदारी रोखणं आणि पैशाची परतफेड यांच्या विचारातून तो आकडा ठरला. आता तिथे साठ आणि ऐंशी वर्षांचे परवाने दिले जातात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं २०१८ चं एसएसजी-४८ हे मार्गदर्शन आणि आयगॉल हा अनेक देशांच्या अनुभवांचा संग्रह सगळीकडे वापरला जातो. युरोपने २०१७-१८ मध्ये एकमेकांच्या वार्धक्य-व्यवस्थापनाची तपासणी केली, त्यात काँक्रीट कंटेनमेंट हा वेगळा विषय होता.

बंद पडलेल्या भट्ट्यांच्या भिंतींतून काही शिकायला मिळालं का?

हो, आणि काही वेळा उलटंच. जपानमधल्या हामाओका प्रकल्पाची पहिली भट्टी २००९ मध्ये बंद झाली. तिच्या जाड भिंतींतून काढलेले काँक्रीटचे गाभे नागोया विद्यापीठात तपासले, तर ताकद डिझाइनच्या तिपटीहून जास्त निघाली. भिंत जाड असल्याने ओल आत टिकली होती, आणि भट्टी चालू असताना १६ वर्षांहून अधिक काळ काँक्रीट ४० ते ५५ अंशांवर राहिलं होतं. त्यात ॲल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट हे खनिज तयार झालं होतं. प्राचीन रोमन बंदरांच्या काँक्रीटमध्ये सापडतं, तेच.